पायथ्यावरची मोकळी जागा

मेरेत वाचली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालंय.

मेरेत माझी बायको. त्या दिवशी सकाळी ती बाळंतपणाच्या विटांवर उकिडवी बसली. ऊन डोक्यावर आलं तरी आतून नुसता सुईणीचा आवाज. मग तोही थांबला. आमची खोली ओतशाळेच्या अंगणाला चिकटूनच आहे, म्हणून मी आपला बाहेर कामावर होतो. कामावर म्हणजे काय, हातात मेणाची आसेत धरून बसलो होतो. आसेत, आईदेवी, मांडीवर पोराला घेऊन पाजतेय. कुणा धान्यवाल्यानं सांगितलेली मूर्ती. तिच्या डोक्यावरच्या दोन शिंगांमध्ये सूर्याची थाळी बसवायची, एवढंच उरलं होतं. ती काही बसेना. बोटं गार पाण्यात बुडवायचं विसरत होतो आणि मेण वाकत होतं.

मग मी तिलाच म्हटलं, बाई, हिला वाचव. तुझी मूर्ती करीन. कुणासाठी नाही, माझी स्वतःची. माझ्या हातची, माझ्या नावाची. यंदाचा पूर यायच्या आत देवळात आणून ठेवीन.

मोठ्यानं बोललो असणार, कारण पलीकडे भात्यांवर उभा राहून ते पायानं दाबणारा माझा जोडीदार जेहो पाय थांबवून बघायला लागला. आणि सतत थट्टा करणाऱ्या जेहोनं थट्टा केली नाही. यावरूनच समजा काय वेळ होती ती.

थोड्या वेळानं ताखूतमावशी बाहेर आली. मला वाढवलं ती हीच, सुईणीच्या मदतीला आत होती. कोपरापर्यंत रक्त. माठातलं पाणी हातावर घेत म्हणाली, "मुलगी आहे." मग हात धुऊन झाल्यावर, "दोघी आहेत."

दोघी आहेत. आजवर माझ्याशी कुणी इतकं चांगलं बोललेलं नाही.

मुलीचं नाव मेरेतनं तिथेच, विटांवरून उतरता उतरता ठेवलं. रेश्ती.

आता नवस बोलून बसलो आणि मग लक्षात आलं की आपण गोत्यात आलोय.

मी ओतारी आहे. मेन्नेफर शहरात, देवळाच्या मागच्या गल्लीत, अंखापी वस्तादांच्या ओतशाळेत काम करतो. आम्ही काशाचे देव ओततो. टीचभर, वीतभर. लोक नवस बोलतात, नवस पुरा झाला की येतात, देव घेतात, देवळात नेऊन ठेवतात. प्रत्येक मूर्तीच्या पायथ्यावर एक ओळ असते. आसेत जीवन देवो अमक्याला, अमकीच्या पोटच्याला. मिळालेलं असलं तरी मागायचंच, अशी रीत आहे. वस्ताद काही मूर्ती आधीच करून ठेवतात. ओळ असते, फक्त नावाची जागा मोकळी. गिऱ्हाईक आलं की तिथे नाव कोरायचं.

ती ओळ बघून बघूनच मी अक्षरं शिकलो. मला कुणी पाठशाळेत घातलं नव्हतं. 'आसेत' कशी लिहितात, 'जीवन' कसं, मग लोकांची नावं, त्यांच्या आयांची नावं. मला दुसरं काही वाचता येत नाही, पण अर्ध्या शहराच्या आयांची नावं मला पाठ आहेत. धान्यवाल्याची आई, दोरखंडवाल्याची आई, त्या माजोरड्या होडीवाल्याची आई.

माझ्या आईचं नाव मला माहीत नाही.

माझं नाव पागेमी. म्हणजे सापडलेला. ज्यांनी ठेवलं त्यांनी फार डोकं चालवलेलं नाही. ओतशाळेच्या मागे फुटक्या साच्यांचा आणि राखेचा ढीग असतो. ओतकामाच्या दिवशी तो गरम असतो. हिवाळ्यात कुणीतरी मला तिथे ठेवलं. ऊब मिळावी म्हणूनच ठेवलं असेल, असं मी धरून चालतो. मला ताखूतमावशीनं उचललं. तिचा नवरा इथलाच ओतारी होता, भाजून गेला. त्याच्या मागून तिचा तान्हा गेला. दूध होतं, पोर नव्हतं, आणि राखेत मी रडत होतो. तिनं मला पाजलं. यापुढचं तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मावशीचं काम मातीचं. मेणाची मूर्ती झाली की तिला माती चढवायची. पहिला थर दुधासारखा पातळ, नदीचा गाळ फडक्यातून गाळून घेतलेला. मग शेण घातलेली माती, मग भुसा घातलेली. वाळल्यावर साचा भट्टीत ठेवला की मेण वितळून निघून जातं, आणि जी पोकळी राहते तिच्यात कासं ओतायचं. मेणावर जे असेल ते काशावर येतं. केस असला तर केस येतो. म्हणून आमच्याकडे मेणाला हात लावायच्या आधी बोटं गार पाण्यात बुडवायची, आणि ठसा उठलाच तर हाडाच्या पातीनं पुसून काढायचा. मावशी प्रत्येक मूर्ती उजेडात फिरवून बघते. बोटाचा ठसा दिसला की संपलं.

"जेहो, ही कोणाची खूण आहे देवीच्या गालावर?"

"माझी असेल, मावशी."

"मग उद्यापासून लोक तुझ्या अंगठ्याला नैवेद्य दाखवणार का?"

"दाखवला तर माझी ना नाही. बदक दाखवा म्हणावं."

असं रोज चालतं. तिच्या हातून मात्र कधी ठसा उठलेला मी पाहिलेला नाही. तिचा उजवा अंगठा एकदा साच्याच्या खापरीनं आडवा चिरला होता. तो वण अजून आहे, नखापासून बुडाकडे तिरका. लहानपणी मला झोप येत नसली की मी तो वण चाचपत पडायचो.

तर मूर्तीला कासं हवं होतं. मेरेत अंथरुणातूनच म्हणाली, "माझा आरसा घे."

तिच्या आईचा काशाचा आरसा. मुठीवर कमळाची कळी.

"मग तू तोंड कशात बघणार?"

"तुझ्यात. तू तोंड वाकडं केलंस की समजेन आज मी बरी दिसत नाहीये."

तिला उठून बसवत नव्हतं अजून, रंग भुशासारखा झाला होता, आणि ही थट्टा करत होती. मी आरसा घेतला. वस्तादांनी आपणहून एक मोडकी छिन्नी दिली आणि थोडं शिसं. जेहोनं मासे धरायचे वाकडे गळ आणून दिले. म्हणाला, "देवीला सांग, यातला एक माझा आहे, आणि त्याला कधीही मासा लागलेला नाही. तेवढं बघ म्हणावं."

मी मेण करायला बसलो. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी केली, पण हिला वेळ लागला. पोराचं डोकं तिच्या दंडावर कसं टेकतं ते मला आता माहीत होतं, मेरेतकडे बघून. आधी मी ते ताठ करायचो. खरं तर तान्ह्याची मान अशी नसतेच. शिंगं आली, सूर्याची थाळी एका दमात बसली. मग पायथा. पायथ्यावर ओळ. आसेत जीवन देवो पागेमीला, त्याच्या घराला. पुढे 'च्या पोटच्याला' येतं, आणि त्याच्या आधी आईचं नाव.

पाती हातात घेऊन मी बसून राहिलो.

त्याच दुपारी हारखेब आला. हारखेब देवळातला पुजारी, नवसाच्या मूर्ती तोच स्वीकारतो. माणूस वाईट नाही, फक्त कायम दमलेला असतो. त्याला भाकरी आणि जवाची दारू दिली की बोलतो.

"या वर्षी देवळात पाय ठेवायला जागा नाही," तो म्हणाला. "जिकडे बघावं तिकडे देव. पूर आला की जुन्या सगळ्या कापडात गुंडाळून पश्चिमेच्या वाळूत पुरायच्या. देवाला दिलेलं परत वितळवता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे. माझी कंबर जाते आणि देवळातली मांजरं अंगावर धावून येतात."

मी त्याला माझी अडचण सांगितली.

"आईचं नाव तर पाहिजे," तो कांदा सोलत म्हणाला. "नदीच्या दोन्ही काठांवर सापडलेले पागेमी खंडीभर आहेत. देवीनं जीवन द्यायचं कोणाला? उद्या तुझ्या वाटचं जीवन एखाद्या चोर पागेमीला गेलं तर माझ्याकडे येऊ नकोस."

"पण मला माहीतच नाही."

"मग घाल एखादं. चांगलंसं. नेफेर-काहीतरी. मेलेल्या बायका काय कमी आहेत?"

"खोटं कोरू? तेही देवीच्या पायाशी?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, कांदा खाल्ला आणि म्हणाला, "तेही खरंच. मला काही सुचत नाही बाबा. पण पूर यायच्या आत आण. एकदा मूर्तींची खोली बंद झाली की मी उघडत नाही."

आणि मेण थांबत नसतं. दिवस असे तापायला लागले होते की दुपारी मूर्ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या सावलीत ठेवायला लागायची. आणखी थोडे दिवस गेले असते तर आसेत पोरासकट वितळून बसली असती.

म्हणून मी मावशीकडे गेलो. ती गाळ गाळत होती.

"मावशी, मूर्तीवर तुझं नाव घालतो."

तिनं वर बघितलं नाही. "कुठे घालतोस?"

"आईच्या जागी. ताखूतच्या पोटच्या पागेमीला."

"नाही."

"का?"

"मी तुला पोटात वाढवलं नाही म्हणून."

"पाजलंस की."

"पाजलं असं कोर मग. पण तिथे पोटच्या असं येतं ना? मला वाचता येत नसलं म्हणून काय झालं, ही ओळ मी जन्मभर ऐकतेय." तिनं फडकं पिळलं. "हे बघ पोरा. मेल्यावर काळीज तराजूत ठेवतात. तुझं ठेवतील, माझंही ठेवतील. मला विचारतील, ताखूत, तू किती जन्माला घातलेस? मी सांगणार, एक. तो गेला. तिकडे देवळात काशावर काय लिहिलंय? दुसरंही लिहिलंय. मग मी काय तोंड दाखवू? माझं पोर तिथे उभं असेल, त्याला काय सांगू?"

तिचं ते पोर मी कधी असं तिच्या बाजूला उभं असलेलं कल्पलंच नव्हतं.

"आणि दुसरं," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "तुझी आई असेल कुठेतरी. तिची जागा आहे ती. मी बसणार नाही तिच्यावर."

लहानपणी एकदा मी तिला आई म्हटलं होतं. तेव्हाही असंच झालं होतं. हातातलं काम ठेवून ती म्हणाली होती, मावशी म्हण, तुझी आई दारात आली तर तिनं काय ऐकायचं?

संध्याकाळी वस्ताद माझ्याजवळ येऊन बसले. त्यांना सगळं ऐकू जातं, फक्त पगारवाढीचं धान्य मागितलं की ते बहिरे होतात.

"तुला माहीत नसेल," ते म्हणाले. "नवरा गेल्यावर हिच्या भावानं हिला बोलावलं होतं. उत्तरेला, साऊला. घर, दोन गाई, सगळं. तू तेव्हा रांगत होतास. मी म्हटलं, जा बाई, इथे मातीत काय आहे? तर म्हणाली, पोराची आई शोधत आली तर राखेपाशीच येईल. मी साऊला गेले तर तिला पोर कोण दाखवणार?"

"मग?"

"मग काय. ती आली नाही, आणि ही गेली नाही."

वस्ताद उठून गेले. मी राखेच्या ढिगाकडे बघत बसलो. एक मांजर त्यावर ऊब घेत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मूर्ती मावशीकडे दिली. म्हटलं, "जागा मोकळी सोडलीय."

"कुठली?"

मी बोट दाखवलं. ओळीच्या शेवटी, देवीच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली. तिनं मूर्ती उजेडात फिरवली. गाल, पाठ, पोराचं डोकं. ठसा नव्हता कुठे.

"मान चांगली केलीस पोराची," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढं येणं म्हणजे आमच्याकडे जत्रा.

"देवी ओळखेल ना मला? मोकळ्या जागेवरून?"

"मला काय विचारतोस? मी माती लावते."

याच दिवसांत घरी दुसरंच चाललं होतं. मेरेतचं रक्त फार गेलं होतं, तिला दूध येईना. रेश्ती रडून रडून निळी पडायची. तेव्हा जेहोची बायको यायची. तिचं स्वतःचं पोर अंगावर पिणारं, तरी एका बाजूला तो आणि एका बाजूला ही. सकाळी यायची, दुपारी यायची, वर आम्हालाच खजूर आणायची. मी आभार मानायला लागलो की म्हणायची, "गप बसा, सांडून जाण्यापेक्षा कुणी प्यालेलं बरं."

जेहो मात्र सोडतोय होय. "पागेमी, हिशेबानं रेश्ती आता अर्धी माझी. लग्नात अर्धी दारू मी पिणार."

"तू अख्खी पिशील."

"मग अख्खी माझी."

मेरेत भिंतीला टेकून हसत होती. म्हणाली, "मोठी झाली की विचारेलच ती. मी सांगणार, तुला दोन आया आहेत. एकीनं आणलं, एकीनं ठेवून घेतलं. एकीचं नाव घेतलं म्हणून दुसरीचं कमी होत नाही."

ताखूतमावशी दाराशी मसूर निवडत बसली होती. म्हणाली, "दूध पाजलं म्हणून काय लगेच..." आणि थांबली. मसूर ताटलीत टाकून ती उठली, मूर्तीला माती चढवायचीय म्हणाली आणि ओतशाळेत निघून गेली. जेहोची बायको म्हणाली, "मी काही चुकीचं केलं का?" मेरेत म्हणाली, "नाही. तू बस."

साचा वाळला. मावशीनं तो कानाशी धरून नखानं वाजवला. ओला साचा भद्द वाजतो, वाळलेला टणकन. ओल्यात कासं ओतलं तर साचा फुटतो आणि ओतणाराही. तिचा नवरा तसाच गेला. म्हणून साचा ती वाजवते आणि ती हो म्हटल्याशिवाय वस्तादही वितळलेल्या काशाची मूस उचलत नाहीत. त्या दिवशी तिनं परत परत वाजवला. सावलीत जाऊन वाजवला. मग म्हणाली, "ओता."

साचा भट्टीत गेला, मेण खालच्या भोकातून गळून संपलं. मुशीत मेरेतचा आरसा घातला. कमळाची कळी जरा वेळ तशीच राहिली, मग खाली बसली. जेहो भात्यांवर चढला, एक पाय एक पाय, दोऱ्या ओढत, आणि आज त्यानं गाणंही म्हटलं नाही. कासं गव्हासारखं पिवळं झालं, मग पांढरं. साचा वाळूत उभा पुरला. वस्तादांनी चिमटा माझ्या हातात दिला. "तुझी आहे, तू ओत."

एका दमात ओतायचं असतं. मध्ये हात थांबला तर मूर्तीत जोड पडतो. मी ओतलं. दुसऱ्या भोकातून कासं वर आलं आणि थांबलं, म्हणजे आत सगळीकडे पोचलं.

निवल्यावर साचा फोडला. माती ढेकळांनी निघाली. आधी शिंगं, मग चेहरा, मग तिचा हात आणि पोराची मान. मान सुरेख आली होती. काळी, खरबरीत, घासायची बाकी, पण पुरी. मी पायथ्यावरची माती ओल्या काडीनं काढायला लागलो. आसेत. जीवन. पागेमीला. त्याच्या घराला.

ओळीच्या शेवटी मोकळी जागा नव्हती.

तिथे अंगठा होता. नीट दाबून उठवलेला, सरकलेला नाही, घसरलेला नाही. बारीक रेषा सगळ्या आलेल्या. आणि रेषांमधून तिरका गेलेला एक वण.

मी मूर्ती वस्तादांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. "हं," म्हणाले आणि परत दिली. जेहो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. एवढा वाचाळ माणूस, पण नाक ओढून भात्याच्या दोऱ्या आवरायला निघून गेला.

मावशी कोपऱ्यात शेण मळत होती. मी मूर्ती तिच्यासमोर धरली.

"माती लावताना लागला असेल," ती म्हणाली. "वय झालं. उन्हानं मेणही मऊ होतं."

"लागला?"

"लागतो कधी कधी."

"तुझा?"

"माझा लागू नये असं कुठे आहे का?" तिनं कपाळावरचा घाम दंडानं पुसला. "काढून टाक छिन्नीनं. चूक आहे ती."

मी छिन्नी आणली. तिच्यासमोर ठेवली. "तूच काढ. ठसे काढायचं तूच सांगतेस सगळ्यांना."

तिनं छिन्नीकडे बघितलं. मग देवीकडे. कोपरापर्यंत हात शेणानं भरलेले होते. मग छिन्नी उचलून तिनं आपल्या बसायच्या चटईखाली सरकवली आणि चटई ठीक करून परत तिच्यावर बसली.

"ते 'पोटच्या' कोरलं नाहीस ना?" तिनं विचारलं.

"नाही. नुसता अंगठा आहे."

"मग ठीक आहे. अंगठा खोटं बोलत नाही. माझा आहे, आणि तिथे ठेवला होता. कुणी विचारलं तर सांगता येईल." मग शेण परत ओढून घेत, "तुझी आई आलीच, तर जरा सरकून बसेन मी. जागा आहे का तेवढी?"

"आहे," मी म्हटलं. खरंच होती. अंगठ्याच्या बाजूला बोटभर जागा अजून शिल्लक होती. मी ती तशीच ठेवली.

मग घासणं. वाळू, पाणी, चामडं. बाकी सगळं मी चकचकीत केलं, अंगठ्यावर मात्र वाळू लागू दिली नाही. मेरेतला दाखवली तेव्हा ती उठून बसली होती, रेश्ती तिच्या अंगावर होती आणि थोडं थोडं दूध यायला लागलं होतं. तिनं मूर्ती वर धरून सूर्याच्या थाळीत आपलं तोंड बघितलं.

"नाक दिसतंय," ती म्हणाली. "बाकीचं देवीला राहू दे."

पूर यायच्या आदल्या पंधरवड्यात देवळासमोर रांग लागते. लोक घामेजलेले, हातात फडक्यात गुंडाळलेले देव. कुणाची मांजर, कुणाचा करकोच्याच्या चोचीचा देव, कुणाची आसेत. माझ्यापुढे एक म्हातारा होता, त्याचा डोळा बरा झाला होता आणि तो तो डोळा सगळ्यांना दाखवत होता. मीही बघितला. चांगला डोळा होता. मला त्या दिवशी सगळ्यांबद्दलच चांगलं वाटत होतं, त्या माजोरड्या होडीवाल्याबद्दलही. तो पण रांगेत होता, आईच्या नावाची मूर्ती घेऊन. ती मीच कोरलेली.

हारखेबनं माझी मूर्ती घेतली. ओळ वाचली, ओठ हलवत. शेवटाला आला आणि त्याचं बोट थांबलं. त्यानं तिथे स्वतःचा अंगठा ठेवून बघितला. बसला नाही. त्याचा मोठा होता.

"हे कोणाचं बोट?"

मी सांगितलं.

मागून लोक ओरडायला लागले, उन्हात उभे आहोत म्हणून. मग तो मूर्ती घेऊन आत गेला. बाकीच्या मूर्ती तो टोपलीत ठेवत होता. हिला हातात घेऊन गेला.

मी परत आलो तेव्हा ओतशाळेत जेहो झोपला होता आणि मावशी एकटी माती मळत होती. माझ्याकडे पाठ होती.

"घेतली का हारखेबनं?"

"घेतली."

"काही म्हणाला?"

"विचारत होता, हे कोणाचं बोट म्हणून."

मळणारे हात थांबले. "मग?"

"म्हटलं, आईचं."

नदीकडून वारा आला, त्याला पहिल्या गढूळ पाण्याचा वास होता. मग हात परत चालू झाले, मातीत, दाबत, दुमडत, दाबत.

"पाणी आण," ती म्हणाली. "माती सुकतेय."

मी घागर उचलली आणि नदीवर गेलो.